शिपाई, साहेब आणि फिर्यादी



पोलीस खात्याविषयी आपल्या समाजात दोन प्रकारची भाषणे होतात. एका प्रकारात पोलिसांस शिव्या दिल्या जातात. दुसऱ्या प्रकारात, विशेषतः एखादा मोठा अंमलदार व्यासपीठावर बसलेला असला म्हणजे, बंदोबस्ताबद्दल त्यांचे आभार मानले जातात. मला ह्या दोहोंपैकी काहीही करावयाचे नाही. ठाण्याच्या पायऱ्या चढणे हा माझ्या धंद्याचाच भाग असल्याने पोलिसांशी माझे वैर नाही आणि स्नेहही नाही. मला एका साध्या प्रश्नाचा विचार आपणांपुढे मांडावयाचा आहे. ठाण्यात बसलेला मनुष्य आपल्या वरिष्ठाकडे कोणत्या नजरेने पाहतो, बरोबरीच्या सहकाऱ्याकडे कोणत्या नजरेने पाहतो, आणि टेबलासमोर उभ्या असलेल्या फिर्यादीकडे कोणत्या नजरेने पाहतो? ह्या तीन नजरा वेगवेगळ्या आहेत असा आपला समज असतो. माझे म्हणणे असे की ती एकच नजर आहे. केवळ पाहणाऱ्याची मान कधी वर असते आणि कधी खाली.

परमपूज्य बाबासाहेबांनी जातिसंस्थेचे वर्णन श्रेणीबद्ध विषमता असे केले. जो वरच्याकडून तुडवला जातो, त्यास आपल्या खाली तुडवावयास कोणी तरी आहे एवढ्याच समाधानावर ती टिकते. ही व्याख्या हाती घेऊन आपल्या पोलीस खात्याकडे पाहा. ह्या खात्यात शिरण्यास तीन दारे आहेत. शिपाई एका दाराने येतो, फौजदार लोकसेवा आयोगाच्या परीक्षेच्या दुसऱ्या दाराने येतो, आणि वरिष्ठ साहेब दिल्लीच्या परीक्षेच्या तिसऱ्या दाराने थेट वरच्या मजल्यावर उतरतात. शिपायास बढती नाही असे नाही. परंतु शिपाई म्हणून लागलेला मनुष्य बहुधा हवालदार किंवा सहायक फौजदार म्हणून निवृत्त होतो. एका इमारतीत तीन मजले आहेत आणि जिना मध्येच संपतो. बाबासाहेबांनी हिंदू समाजास जिना नसलेल्या मनोऱ्याची उपमा दिली होती. ह्या इमारतीत जिना आहे, पण अर्धाच, एवढा फरक आपण प्रामाणिकपणे मान्य करू.

ह्या खालच्या मजल्यावरील माणसाची स्थिती काय आहे? कॉमन कॉज ही संस्था आणि लोकनीती ह्यांनी 2019 मध्ये 21 राज्यांतील सुमारे 12 हजार पोलीस कर्मचाऱ्यांस प्रश्न विचारून एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यात असे दिसून आले की पोलीस कर्मचारी दिवसास सरासरी 14 तास काम करतो. दर चारांपैकी एकाने सांगितले की वरिष्ठ आपल्या हाताखालच्या माणसांकडून घरची, खाजगी कामे करवून घेतात. आणि असे सांगणाऱ्यांत अनुसूचित जाती, जमाती व इतर मागासवर्गीय कर्मचाऱ्यांचे प्रमाण अधिक होते. दर पाचांपैकी दोघांनी वरिष्ठांच्या अर्वाच्य भाषेची तक्रार केली. त्याच कर्मचाऱ्यांपैकी 37 टक्क्यांचे मत असे पडले की किरकोळ गुन्ह्यांत खटला कशास हवा, पोलिसांनीच थोडी शिक्षा करून सोडून द्यावे. आणि सुमारे निम्म्या जणांस मुसलमान हे स्वभावतःच हिंसेकडे झुकणारे आहेत, असे कमी-अधिक प्रमाणात वाटत होते. हे सारे आकडे एकाच कागदावरचे आहेत. वरिष्ठाची शिवी, बंगल्यावरचे काम, चौदा तासांची पाळी आणि गुन्हेगार कोण ह्याविषयीचा आधीच झालेला निकाल ही एकाच माणसाची शिदोरी आहे.

काही वर्षांपूर्वी एक पोलीस शिपाई खात्यांतर्गत चौकशीचे कागद घेऊन माझ्याकडे आला. साहेबांच्या बंगल्यावरील एक काम त्याने नाकारले होते आणि त्यानंतर दोनच आठवड्यांत त्याच्यावर गैरहजेरीचा ठपका आला होता. मी त्यास "बसा" म्हटले. तो बसला नाही. तीनदा सांगितले तेव्हा खुर्चीच्या कडेवर टेकला, जणू कोणी पाहिले तर उठता यावे. तो आपल्याच समाजातील, 1956 साली नागपुरास दीक्षा घेतलेल्या आजोबांचा नातू. कागद वाचता वाचता मला आठवले की ह्यास आपण पूर्वी पाहिले आहे. एका मातंग समाजाच्या म्हाताऱ्या बाईंची फिर्याद घेऊन मी त्याच्या ठाण्यात गेलो होतो, तेव्हा ह्यानेच त्यांस "ए म्हातारे, तिकडं बाहेर बस" म्हणून हात केला होता. माझ्यापुढे तो अन्याय सोसलेला मनुष्य म्हणून बसला होता आणि त्याचे गाऱ्हाणे शंभर टक्के खरे होते. मी त्याचे प्रकरण चालवले. परंतु बाईंची गोष्ट मी त्यास सांगितली, आणि तो बराच वेळ काही बोलला नाही.

कोणी म्हणेल, शिपायांनी आपली संघटना करावी. कामगारांस जो हक्क आहे तो ह्यांस का नसावा? येथे कायदा आडवा येतो. घटनेच्या 33 व्या अनुच्छेदाने सुरक्षा राखणाऱ्या दलांच्या मूलभूत हक्कांस मर्यादा घालण्याचा अधिकार संसदेस दिला आहे, आणि 1966 च्या कायद्याने पूर्वपरवानगीवाचून पोलिसांस कोणत्याही कामगार संघटनेचे सभासद होता येत नाही. महाराष्ट्रात एकदा संघटना झाली होती. ऑगस्ट 1982 मध्ये तिची मान्यता काढून घेण्यात आली, तिचे पुढारी पकडले गेले, मुंबईचे शिपाई रस्त्यावर उतरले, आणि शहरात लष्कर बोलवावे लागले. त्या दंगलीचे समर्थन मी करणार नाही. पण ज्या माणसास स्वतःच्या हक्कासाठी अर्ज करण्याची सभ्य वाट ठेवलेली नाही, त्याने दुसऱ्याच्या हक्काचा अर्ज आदराने हाती घ्यावा अशी अपेक्षा आपण करतो, हे थोडे नवल आहे. तथागतांनी सिगालास उपदेश करताना धन्याने सेवकाशी कसे वागावे हेही सांगितले आहे: त्याच्या शक्तीप्रमाणे काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारात काळजी घ्यावी, आणि वेळच्या वेळी सुटी द्यावी. अडीच हजार वर्षांनंतर आपल्या पोलीस वसाहतीत ह्यांपैकी किती गोष्टी मिळतात, हे त्या वसाहतींतील भगिनींस विचारावे.

आता ही घडण आली कोठून ते पाहू. कारण ती आपोआप झालेली नाही.

इंग्रजांनी पोलिसांचे दोन नमुने तयार केले, आणि दोहोंमागे एकाच माणसाचा, रॉबर्ट पील ह्यांचा, हात होता. लंडनसाठी 1829 मध्ये त्यांनी जे दल उभारले ते बिनहत्यारी होते. लोकांतून आलेले व लोकांच्या संमतीने चालणारे, असा त्याचा निदान दावा तरी होता. परंतु त्यापूर्वीच, आयर्लंडचे मुख्य सचिव असताना, 1814 पासून त्यांनी तेथे वेगळ्या प्रकारच्या दलास आरंभ केला होता. 1822 मध्ये परगण्यांचे दल झाले, आणि 1836 मध्ये सबंध आयर्लंडसाठी एक सशस्त्र, बराकीत राहणारे, वरून आज्ञा घेणारे दल तयार झाले. त्यातील शिपायास स्वतःच्या परगण्यात नेमले जात नसे. उद्देश उघड होता: लोकांशी त्याचे नाते जुळू नये. जिंकलेल्या आणि असंतुष्ट प्रजेवर पहारा ठेवण्यासाठी ते दल होते.

हिंदुस्थानात ह्यांपैकी कोणता नमुना आला असेल हे सांगावयास नको. सर चार्ल्स नेपियर ह्यांनी 1843 मध्ये सिंध जिंकला आणि तेथे आयरिश दलाच्या धर्तीवर पोलीस उभे केले. सिंध मुंबई इलाख्यास जोडला गेला, आणि तेथील पद्धत हळूहळू इलाख्यात पसरली. 1857 च्या बंडानंतर 1861 चा पोलीस कायदा झाला. मुंबई इलाख्यास स्वतःचे कायदे होते, 1890 चा जिल्हा पोलिसांचा आणि 1902 चा मुंबई शहराचा. ते एकत्र करून 1951 चा कायदा झाला, जो आज महाराष्ट्र पोलीस कायदा म्हणून ओळखला जातो. राज्य बदलले, ध्वज बदलला, घटना आली. घडण मात्र बरीचशी तीच राहिली. 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटना समितीपुढे बोलताना बाबासाहेबांनी हाच इशारा दिला होता: घटनेचे एक अक्षरही न बदलता केवळ राज्यकारभाराची घडण घटनेशी विसंगत ठेवून घटना निष्फळ करता येते. त्या भाषणातील घटनात्मक नीतीचा भाग आपण सभांतून ऐकतो. कारभाराच्या घडणीचा भाग फारसा कोणी सांगत नाही.

परंतु खेड्यात इंग्रजांच्या आधीपासून एक पोलीस होताच, आणि तो आपला बाप होता. वतनदार महाराची कामे आठवा. रात्रीचा पहारा, गावात आलेल्या परक्या माणसाची खबर, चोराचा माग काढणे, सरकारी टपाल व वसूल पोहोचवणे, चावडीवर माणसे बोलावून आणणे, शिवेच्या तंट्यात साक्ष देणे. ही पोलिसाची कामे नव्हेत तर काय? गावाच्या सुरक्षिततेचा अर्धा भार ज्याच्या खांद्यावर होता त्यास गावाच्या विहिरीवर जाता येत नव्हते. त्याचा वरिष्ठ पाटील होता. त्यास वेळ नव्हती, वेतन नव्हते. तुटपुंजी जमीन आणि बलुते होते, आणि बलुते देणाऱ्याच्या मर्जीवर होते. 1874 च्या वतन कायद्याने ही गुलामी कागदावर पक्की केली. बाबासाहेबांनी 19 मार्च 1928 रोजी मुंबई कायदे कौन्सिलात तो कायदा दुरुस्त करण्याचे बिल आणले. कौन्सिलाने त्याचे काय केले हे आपणांस ठाऊक आहे. हलक्या समजल्या गेलेल्या वतनांचा शेवट कायद्याने व्हावयास 1958 साल उजाडले.

हा इतिहास मी गौरवासाठी सांगत नाही. "आम्हीच गावचे रक्षक होतो" असे म्हणून मिशीस पीळ देणारी भाषणे मी ऐकली आहेत, आणि मला ती आवडत नाहीत. सांगावयाचे ते असे की साहेबाच्या बंगल्यावर राबणारा शिपाई आणि पाटलाच्या दारात राबणारा वतनदार महार ह्यांत घडणीचे साम्य आहे. दोघांनाही कामाची वेळ नाही, दोघांचीही प्रतिष्ठा वरिष्ठाच्या मर्जीवर, आणि दोघांसही नाही म्हणता येत नाही. वतन सोडा, असे बाबासाहेबांनी सांगितले ते मेलेली ढोरे ओढणे बंद करा एवढ्यासाठी नव्हे. पिढीजात ताबेदारीत माणसाचे मन सडते म्हणून.

आता पुन्हा आयर्लंडकडे चला, कारण खरा धडा पुढे आहे. त्या जुन्या आयरिश दलात बहुसंख्य शिपाई कॅथलिक होते, म्हणजे त्याच जिंकलेल्या प्रजेपैकी. अधिकारी बहुतांशी प्रोटेस्टंट होते. म्हणजे भरती आपल्यातूनच होती, हुकूम मात्र दुसऱ्यांचा होता. आपल्याकडे जे लोक म्हणतात की शिपाईभरतीत आपली मुले पुष्कळ लागली, आता चिंता नाही, त्यांनी हे ध्यानात ठेवावे. खालच्या मजल्यावर गर्दी केल्याने इमारत आपली होत नाही.

1921 मध्ये आयर्लंडची फाळणी झाली आणि 1922 मध्ये उत्तरेकडील सहा परगण्यांत नवे दल आले. आरंभी त्यातील एकतृतीयांश जागा कॅथलिकांसाठी ठेवण्याचे ठरले होते. त्या कधीच भरल्या गेल्या नाहीत. कागदावर ठेवलेल्या राखीव जागा आणि न भरलेला अनुशेष हा काही केवळ आपल्याच देशाचा शोध नाही, वाचकहो! विसाव्या शतकाच्या अखेरीस लोकसंख्येत चाळीस टक्क्यांहून अधिक असलेल्या कॅथलिकांचे प्रमाण त्या दलात अवघे आठ टक्के होते. मधल्या तीस वर्षांच्या यादवीत साडेतीन हजारांहून अधिक माणसे मेली. त्यांत सुमारे तीनशे त्याच दलातील पोलीस होते. म्हणजे ज्या दलास अर्धा समाज आपले मानत नाही, त्या दलातील माणसासही सुख नाही.

एप्रिल 1998 मध्ये तेथे शांततेचा करार झाला आणि पोलिसांच्या प्रश्नासाठी ख्रिस पॅटन ह्यांच्या अध्यक्षतेखाली एक आयोग नेमला गेला. त्याने सप्टेंबर 1999 मध्ये 175 शिफारशी केल्या. दलाचे नाव बदलले, चिन्ह बदलले. नवीन भरतीत निम्म्या जागा कॅथलिकांच्या आणि निम्म्या इतर सर्वांच्या, असा नियम झाला आणि तो 2001 पासून 2011 पर्यंत दहा वर्षे अंमलात राहिला. त्या मुदतीत कॅथलिकांचे प्रमाण आठ टक्क्यांवरून तीस टक्क्यांच्या आसपास गेले. पोलिसांविरुद्धच्या तक्रारींची चौकशी पोलिसांच्या हातातून काढून एका स्वतंत्र लोकपालाकडे दिली गेली, आणि दलावर देखरेख करणारे मंडळ नेमले गेले, ज्यात निरनिराळ्या पक्षांचे व पक्षाबाहेरचे लोक बसतात. गुणवत्ता बुडाली, अशी ओरड तेथेही झालीच. पण दल बुडाले नाही.

सारे सुरळीत झाले असेही मी म्हणणार नाही. एप्रिल 2011 मध्ये ओमा गावी एका तरुण कॅथलिक पोलिसास त्याच्या मोटारीखाली बाँब ठेवून मारण्यात आले. मारणारे कॅथलिकांचे कैवारी म्हणवणारे होते. आपला मुलगा त्यांच्या वर्दीत गेला म्हणजे तो फितूर झाला, ही भावना त्यामागे आहे. आपल्याकडेही, सौम्य रूपात का होईना, ही भावना दिसते. बंदोबस्तास उभ्या असलेल्या आपल्याच पोरास आपलीच माणसे टोमणा मारतात. तो पोरगा मग दुप्पट कडक होतो, कारण त्यास सहकाऱ्यांपुढे सिद्ध करावयाचे असते की मी "त्यांचा" नाही. हे मी न्यायालयाच्या आवारात अनेकदा पाहिले आहे.

तेव्हा मला वाटते ते असे: जेथून आपल्या पोलिसांची घडण आली, त्या भूमीवर ती घडण मोडून नवी केली गेली, आपण मात्र जुनी जपून ठेवली आहे. 2006 मध्ये प्रकाश सिंग ह्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सात निर्देश दिले, त्यांत पोलिसांविरुद्ध तक्रार ऐकणारे प्राधिकरण हाही एक होता. महाराष्ट्राने 2014 मध्ये कायद्यात दुरुस्ती करून असे प्राधिकरण आणले. ते आहे, हेच आपल्यापैकी किती जणांस ठाऊक आहे?

सहकाऱ्यांच्या नजरेविषयी थोडेच बोलतो. 25 मे 2020 रोजी अमेरिकेतील मिनियापोलिस शहरी जॉर्ज फ्लॉइड ह्या कृष्णवर्णीय मनुष्याच्या मानेवर एका पोलिसाने नऊ मिनिटांहून अधिक काळ गुडघा ठेवला. सभोवार आणखी तीन पोलीस होते. त्यांपैकी दोघांची नोकरी जेमतेम सुरू झाली होती, आणि गुडघा ठेवणारा त्यांचा ज्येष्ठ होता. त्या दोघांतील एकाने विचारले की ह्यास कुशीवर वळवावे काय; ज्येष्ठाने नकार दिला, आणि विषय संपला. दुसरा नवखा स्वतः कृष्णवर्णीय होता. 2022 मध्ये त्या तिघांसही न्यायालयाने दोषी ठरवले. कायद्याने त्यांस सांगितले की ज्येष्ठाचा हात धरणे हे तुमचे कर्तव्य होते. इंग्लंडात स्टीफन लॉरेन्स ह्या कृष्णवर्णीय तरुणाचा 1993 मध्ये खून झाला, तपासाची हेळसांड झाली, आणि 1999 च्या मॅकफर्सन अहवालाने लंडनच्या दलातील वंशद्वेष हा संस्थेत मुरलेला आहे असा निष्कर्ष काढला. एकेक अंमलदार म्हणेल, माझ्या मनात काही नाही; तरी सर्वांच्या कामाची बेरीज अन्यायाचीच होते. आपल्या देशातील कोणत्या चौकशी आयोगाने "जात पोलीस खात्यात मुरलेली आहे" असे एवढ्या सरळ शब्दांत लिहिले, ते मला सांगावे.

आता आपल्या दाराशी येऊ. बौद्ध फिर्यादी ठाण्यात जातो तेव्हा काय घडते? पहिला प्रश्न येतो, "तुम्ही तर बौद्ध ना? मग ॲट्रॉसिटी कशी लागेल?" ह्या प्रश्नात अज्ञान असते तसा डावही असतो. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा लाभ हिंदूंपुरता, आणि 1956 पासून शिखांसही, होता. आपण 1956 मध्ये धम्म स्वीकारला आणि त्या दिवसापासून केंद्राच्या दृष्टीने आपली जात नाहीशी झाली, गावाच्या दृष्टीने मात्र ती तशीच राहिली. महाराष्ट्र राज्याने 1960 पासून नवबौद्धांस सवलती दिल्या. केंद्राचा आदेश दुरुस्त व्हावयास 1990 साल लागले. त्या दुरुस्तीने बौद्धांचा स्पष्ट उल्लेख आदेशात आला. म्हणजे अंमलदाराच्या ह्या प्रश्नाचे उत्तर कायद्याने तीन दशकांपूर्वीच देऊन ठेवले आहे. तरीही तो विचारला जातो, आणि आपला मनुष्य गोंधळून म्हणतो, "बघतो साहेब, दाखला आणतो." फिर्याद नोंदवण्यापूर्वी जातीचा दाखला हजर केलाच पाहिजे असे कायद्यात कोठेही नाही. दाखला तपासात घ्यावयाचा असतो. त्या "बघतो"मध्ये दोन दिवस जातात, आणि दोन दिवसांत दुसऱ्या पक्षाची दरोड्याची क्रॉस केस आधी नोंदली जाते.

खैरलांजीचे स्मरण येथे करणे भाग आहे. त्या घटनेआधी शेजारच्या धुसाळा गावच्या पोलीस पाटलास, जे आपल्याच समाजाचे होते, मारहाण झाली होती. विचार करा: ज्या कामात आपला आजा पाटलाच्या पायरीशी उभा राहिला, त्याच कामावर नातू स्वतः पोलीस पाटील म्हणून नेमला गेला, आणि सरकारचा नेमलेला मनुष्य असूनही त्यास मार खावा लागला. भोतमांगे कुटुंबाने त्या प्रकरणात साक्ष दिली. आरोपी जामिनावर सुटले, आणि 29 सप्टेंबर 2006 रोजी त्या कुटुंबातील चौघांची हत्या झाली. पुढे भंडाऱ्याच्या न्यायालयाने 2008 मध्ये खुनासाठी शिक्षा दिल्या, पण अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू धरला नाही. 2010 मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठासमोरही तो टिकला नाही. मी वकील म्हणून सांगतो की असा निकाल न्यायालयात लिहिला जाण्यापूर्वी ठाण्याच्या पहिल्या कागदावर लिहिला जातो. जातीच्या द्वेषाचा पुरावा पहिल्या आठ दिवसांत गोळा केला नाही तर आठ वर्षांनी तो उगवत नाही.

वरिष्ठांचा हुकूम, सहकाऱ्यांचे मौन आणि आपल्या वस्तीकडे पाहण्याची नजर ही तिन्ही एकत्र आली म्हणजे काय होते हे घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगराने 11 जुलै 1997 रोजी दहा प्रेते मोजून पाहिले आहे, आणि परभणीने डिसेंबर 2024 मध्ये, कोठडीत मरण पावलेल्या कायद्याच्या विद्यार्थ्याच्या, सोमनाथ सूर्यवंशीच्या रूपाने पाहिले आहे.

ह्यावर कायद्याने काय साधन दिले आहे? 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे 4 थे कलम लोकसेवकाच्या कर्तव्यच्युतीस शिक्षा सांगते. 2016 पासून अंमलात आलेल्या दुरुस्तीने ती कर्तव्ये एकेक करून लिहून काढली आहेत: तोंडी सांगितलेली फिर्याद लिहून घेऊन सही घेण्यापूर्वी वाचून दाखवणे, ती नोंदवणे, तिची प्रत ताबडतोब देणे, साक्षीदारांचे जबाब घेणे, साठ दिवसांत तपास पुरा करून आरोपपत्र दाखल करणे. जाणूनबुजून हयगय केली तर सहा महिन्यांपासून एक वर्षापर्यंत कैद आहे. कलम उत्तम आहे. परंतु त्यातील दोन गोष्टी आपण डोळे उघडे ठेवून वाचल्या पाहिजेत. पहिली अशी की त्या अधिकाऱ्यावर गुन्हा लावण्यापूर्वी प्रशासकीय चौकशीची शिफारस लागते. म्हणजे खात्याच्या माणसाचा दोष आधी सरकारी चौकशीनेच दाखवून द्यावयाचा. शिपाई साहेबास भितो, सहकारी सहकाऱ्यास झाकतो, आणि ह्या भीतीतून व झाकपाकीतून निघालेला कागद म्हणजे ही शिफारस. आजवर हे कलम पुस्तकात विश्रांती घेत पडले आहे त्याचे एक कारण हे आहे.

दुसरी गोष्ट बोलावयास अवघड आहे. हे कलम जो लोकसेवक स्वतः अनुसूचित जाती-जमातीचा नाही त्यालाच लागू आहे. ठाण्याचा अंमलदार आपल्यापैकी असेल आणि त्याने वरून आलेल्या दूरध्वनीला घाबरून फिर्याद घेतली नाही, तर हे कलम त्यास शिवत नाही. कायदा करणाऱ्यांनी असे धरून चालले की आपला मनुष्य आपल्यावर अन्याय करणार नाही. हा विश्वास सुंदर आहे. तो खरा ठरवण्याची जबाबदारी त्या अंमलदारावर आहे, आणि त्यास पाठबळ देण्याची आपल्यावर. फिर्याद घेतली म्हणून ज्या आपल्या फौजदाराची आडवळणी बदली होते, त्याच्यासाठी आजवर कोणत्या सभेने ठराव केला? आपण त्याला जयंतीच्या मिरवणुकीत हार घालतो, आणि बदलीच्या दिवशी एकटा सोडतो.

काही व्यवहाराच्या गोष्टी सांगतो आणि थांबतो. ठाण्यात एकट्याने जाऊ नये; पण शंभर जणांनीही जाऊ नये, कारण मग गर्दीचाच गुन्हा आधी नोंदला जातो. दोन शिकलेली माणसे, त्यांत शक्यतो एक भगिनी, एवढी पुरेत. फिर्याद घरी शांतपणे लिहून न्यावी; जातिवाचक शब्द नेमके कोणी, कोठे, कोणासमक्ष उच्चारले हे त्यात असावे. "एन.सी. करून घेतो" असे कोणी म्हणाले तर सही करू नये. 1 जुलै 2024 पासून नवी फौजदारी संहिता आली आहे आणि तिच्यात काही गुन्ह्यांपुरती प्राथमिक चौकशीची मुभा आहे. ती दाखवून कोणी थांबवू लागल्यास सांगावे की अत्याचार प्रतिबंधक कायद्यात 2018 पासून 18-अ हे कलम आहे, त्याप्रमाणे फिर्याद नोंदवण्यास प्राथमिक चौकशीची गरज नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने 10 फेब्रुवारी 2020 रोजी ते कायम ठेवले आहे. फिर्याद नाकारलीच तर त्याच दिवशी तीच फिर्याद पोलीस अधीक्षकांस टपालाने पाठवावी, पावती जपावी, आणि तेथेही दाद न लागल्यास न्यायालयात अर्ज करावा. तपास उपअधीक्षकाच्या दर्जाहून खालच्या अंमलदाराकडे दिला असेल तर लेखी हरकत घ्यावी. बोलताना आवाज चढवू नये, आणि समोरच्या शिपायास "अरे" म्हणू नये. त्यास ते दिवसभर ऐकावेच लागते.

आणखी एक. 2 डिसेंबर 2020 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाप्रमाणे प्रत्येक ठाण्यात कॅमेरे असावयास हवेत. आपणांस ठाण्यात ताटकळत ठेवले, हाकलले किंवा हात लावला, तर तारीख आणि वेळ त्याच क्षणी टिपून ठेवा आणि त्या वेळेचे चित्रण राखून ठेवावे असा लेखी अर्ज दुसऱ्या दिवशीच द्या. ते चित्रण कायमचे ठेवले जात नाही, आणि महिन्यांनी माझ्याकडे आलेल्या पक्षकारास मला प्रत्येक वेळी हाच प्रश्न विचारावा लागतो की अर्ज कोठे आहे.